कोकणातल्या घरासाठी बाथरूम व्हॅनिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोरूममधली व्हॅनिटी, म्हणजे बेसिन आणि त्याखालचं कपाट, एसीच्या कोरड्या हवेत उभी असते. तीच व्हॅनिटी मालवणला किंवा हर्णैला चार महिने पाऊस, वर्षभर खारा वारा आणि जांभ्याची ओल सोसते. म्हणून इथे खरेदीचा क्रम उलटा ठेवावा: आधी खाली वाकून तळ बघायचा, मग मागची बाजू, मग बिजागऱ्या. रंग आणि हँडल सगळ्यात शेवटी. खालचे प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत, अधूनमधून वाट सोडली आहे.

आमच्या बाथरूममध्ये बादलीने आंघोळ होते, सगळं भिजतं. तिथे व्हॅनिटी चालेल का?

खरं सांगायचं तर नको. तांब्याने अंगावर घेतलेलं पाणी तीन फुटांपर्यंत सहज उडतं, आणि आंघोळीनंतर फरशी बादलीभर पाण्याने धुणं हा आपल्याकडचा रिवाज आहे. लाकडी बॉक्सला रोज असा मारा झेपत नाही. त्यापेक्षा बाथरूमच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये किंवा मागच्या पडवीच्या आतल्या बाजूला व्हॅनिटी बसवा. जागा आतच असेल तर नळापासून निदान ९० सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर मध्ये काचेचा आडोसा करा. दोन्ही शक्य नसेल तर ग्रॅनाइटची पाटी, खाली दोन ब्रॅकेट आणि उघडा बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा, पाणी धरून गटाराचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग) एवढंच करा. दिसायला साधं, पण पंधरा वर्षं त्याकडे बघावं लागत नाही.

बॉक्ससाठी कोणता बोर्ड घ्यायचा?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर.

पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ किनाऱ्यावर घेऊच नका. त्यांची कड एकदा पाणी प्यायली की फुगते, आणि वाळली तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. रेडीमेड स्वस्त व्हॅनिट्या बहुतेक याच मालाच्या असतात. वर चकचकीत फिल्म असते, आत दाबलेला भुसा.

एचडीएचएमआर हा जास्त घनतेचा, ओलावा बऱ्यापैकी सोसणारा बोर्ड. शटरला चांगला, कारण सपाट राहतो. पण ‘ओलावा सोसतो’ म्हणजे ‘पाण्यात चालतो’ नव्हे, त्यामुळे तळाला आणि मागच्या पाटीला वापरू नये.

प्लायवुडमध्ये एमआर, म्हणजे फक्त ओलावा सोसणारा, ग्रेड बाथरूमला कामाचा नाही. मागायचा तो आयएस ७१० या मानकाचा मरीन, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा). याचे थर फिनॉलिक रेझिनने चिकटवलेले असतात आणि मानकाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. बॉक्सला १८ किंवा १९ मिमी जाडी हवी. मागची पाटी सुतार ६ मिमीची लावतात. भिंतीला टांगायच्या व्हॅनिटीला ती १२ मिमीच्या खाली नको.

पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (प्लास्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळलेल्या) बोर्डाला पाणी आणि वाळवी लागत नाही, म्हणून सध्या त्याचं नाव फार आहे. त्याचा कच्चा दुवा म्हणजे स्क्रू. हलक्या बोर्डात बिजागरीचे स्क्रू दोन वर्षांत भोकं मोठी करून सैल होतात. बोर्ड वजनाने ओळखा. आठ बाय चारची १८ मिमी शीट ०.६ घनतेची असेल तर साधारण ३२ किलो भरते. २५ किलो भरली तर ती जाहिरातीच्या फलकांची शीट समजा. शिवाय ६० सेंटिमीटरपेक्षा लांब फळी मध्ये आधार न देता टाकली, तर हा बोर्ड वाकतो.

दोन्ही बाजूंनी सनमायका लावणं गरजेचं आहे, मग बोर्ड कुठलाही असो. फक्त बाहेरून लावला तर आतली उघडी बाजू दमट हवा ओढते आणि शटर धनुकलीसारखं वाकतं.

मरीन प्लाय म्हणून दुसराच माल दिला तर कसं कळणार?

शीटवर आयएसआयचा शिक्का, आयएस ७१० हा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. नुसता ‘मरीन’ असा रबरी शिक्का कुणीही मारू शकतो.

घरची परीक्षाही सोपी आहे. कापलेल्या शीटचा तीन इंचाचा तुकडा मागून घ्या, कडेची जाडी मोजून ठेवा आणि मोठ्या पातेल्यात चार-पाच तास उकळा. एमआर ग्रेडचे थर बहुधा तेवढ्यातच पानांसारखे सुटतात. मरीनचा तुकडा काळपट होतो, पण नखाने थर उचलता येत नाही. मग तो मधोमध कापून आत बघा. थरांमध्ये पोकळ फटी दिसल्या तर शिक्का खरा असला तरी ती शीट परत करा, कारण नेमका तिथेच स्क्रू फिरतो.

फणसाच्या लाकडाची करून घेतली तर?

उत्तम, पण पूर्ण बॉक्स नको. जून झालेल्या फणसाच्या झाडाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, रंगही वर्षागणिक खुलतो. अडचण अशी की अखंड लाकडाची रुंद फळी पावसात रुंदीला फुगते आणि मे महिन्यात आकसते. म्हणून बॉक्स मरीन प्लायचा ठेवा. शटरची चौकट आणि दर्शनी पट्ट्या फणसाच्या किंवा सागवानाच्या करा आणि मधली पाटी खाचेत मोकळी बसवा, गोंद न लावता. लाकूड मुरलेलं हवं. नुकत्याच कापलेल्या झाडाची फळी स्वस्तात मिळाली तरी वर्षभर सावलीत रचून ठेवल्याशिवाय रंध्याखाली घालू नका. आंब्याचं लाकूड या कामाला घेऊ नका, ते किडतं.

बिजागऱ्या एका पावसाळ्यात गंजल्या. स्टेनलेसच्या आहेत असं सांगितलं होतं.

‘स्टेनलेस’ या शब्दाखाली तीन-चार वेगळे धातू विकले जातात. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, ते समुद्राजवळ लवकर डागाळतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. घरातल्या वापराला हे पुरतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला सगळ्यात चांगलं तोंड देतं. मात्र या ग्रेडच्या बिजागऱ्या बाजारात कमी दिसतात.

चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. चुंबकाने फक्त मुलामा दिलेलं साधं लोखंड पकडता येतं. ग्रेड खोक्यावर छापलेला हवा आणि बिलावरही लिहून घ्यायला हवा.

गंज बहुतेक वेळा स्क्रूपासून सुरू होतो. सुतार घाईत काळे जिप्समचे स्क्रू मारतात. महागडी बिजागरी तशीच राहते आणि तिच्याखालून तांबडा ओघळ येतो. एसएस ३०४ चे स्क्रू तुम्हीच आणून हातात द्या, एका व्हॅनिटीला साधारण शंभर पुरतात.

आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे टॉयलेट साफ करायचं ॲसिड. त्याची बाटली लोक याच कपाटात ठेवतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ बूच घट्ट लावलं तरी थोडी थोडी सुटते आणि बंद कपाटात कोंडते. ३०४ सुद्धा तिच्यापुढे टिकत नाही. बाटलीच्या सगळ्यात जवळची बिजागरी आधी काळवंडते, हे दार उघडून बघितलं की दिसतं. ती बाटली बाहेर, उघड्यावर, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा.

हँडलवर चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी डाग दिसले तर घाबरू नका. खाऱ्या हवेत ३०४ वर ते वरवर येतात. साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. तारेच्या घासणीने घासलं तर तिचे लोखंडी कण रुततात आणि खरा गंज तिथून धरतो.

ड्रॉवर हवेत की दारं?

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत दारं. टेलिस्कोपिक चॅनलचे (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांचे) बॉल बेअरिंग झिंक मुलाम्याचे असतात, ते आधी कुरकुरतात आणि मग अडकतात. चिपळूण, कणकवली अशा आतल्या गावांत एखादा ड्रॉवर चालतो. पण बॉटल ट्रॅपला जागा सोडण्यासाठी त्याला मागून यू आकाराची खाच लागते, हे आधीच सांगावं लागतं.

भिंत चिऱ्याची (जांभ्याची) आहे. टांगती व्हॅनिटी पेलेल का?

पेलते, पण नेहमीच्या प्लास्टिक गिट्टी-स्क्रूवर नाही.

आधी वजन काढू. ९०० बाय ५०० मिमीची १८ मिमी ग्रॅनाइट पाटी सुमारे २२ किलो. बेसिन १२ ते १५, बॉक्स २५ ते ३०, आतलं सामान दहा. म्हणजे ७५ किलोच्या आसपास. वर तोंड धुताना कुणी पुढच्या कडेवर रेलतं. त्या वेळी वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात, आणि जांभा तिथेच हार मानतो. तो मऊ आणि सच्छिद्र असतो. हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं तर १० मिमीचं भोक भुगा होत होत १४ मिमीचं होतं. ठोकून फुलवायचा अँकर फुलला की दगडच पिचतो.

रॉड केमिकल अँकरने, म्हणजे भोकात भरल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, बसवायचे. करायचं ते असं. हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा. जागा चिऱ्याच्या मधोमध निवडा. सांध्यात नको, जुन्या घरात तिथे चुना किंवा मातीच असते. १० मिमीच्या एसएस रॉडला जाळीची नळी वापरणार असाल तर भोक बहुधा १६ मिमी लागतं, नळीवर माप लिहिलेलं असतं. खोली गिलावा सोडून १०० मिमी. मग भोक ब्रशने घासा, पंपाने फुंका, असं तीनदा. तांबडी धूळ आत राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, दगडाला नाही. काम फसतं ते याच पायरीला. मग नळी घालून केमिकल अँकर भरा, रॉड फिरवत आत सारा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. असे चार रॉड हवेत.

घर अजून बांधायचं असेल तर याहून सोपा उपाय आहे. व्हॅनिटीच्या उंचीला दोन चिऱ्यांऐवजी काँक्रीटचे ठोकळे बसवायला गवंड्याला सांगा आणि गिलाव्याआधी टेप लावून फोटो काढून ठेवा. नंतर ठोकळा कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही.

जुनी, ओल येणारी भिंत असेल तर पाय असलेली व्हॅनिटी घ्या. पाय पीव्हीसीचे किंवा स्टीलचे, १०० ते १५० मिमी उंच. प्लाय फरशीला टेकता कामा नये, आणि भिंत व मागची पाटी यांत १० मिमी हवा खेळती ठेवा.

मापं काय ठेवायची?

रुंदी ६००, ७५०, ९०० आणि १२०० मिमी सर्रास मिळते. एकाच बेसिनला ७५० पुरे. खोली ४५० ते ५००. तयार फरशीपासून बेसिनच्या कडेपर्यंत ८०० ते ८५० मिमी उंची ठेवा. टेबल टॉप बेसिन घेतलं तर त्याची १४० मिमी उंची काउंटरमधून वजा करावी लागते. ती न केल्याने घरातल्या आजींना कोपर वर करून हात धुवावे लागतात, ही चूक फार घरांत आहे.

सांडपाण्याची ३२ मिमी लाइन फरशीपासून ५०० ते ५३० मिमीवर आणि अँगल कॉक (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा नळ) ५५० ते ६०० मिमीवर. व्हॅनिटी पक्की झाल्यावर तिचा नकाशा प्लंबरला द्या, मगच भिंत फोडू द्या.

काउंटरला कोणता दगड?

गडद ग्रॅनाइट. पांढऱ्या संगमरवरावर लिंबू, कोकम, ॲसिड काहीही पडलं की चट्टा उठतो, आणि विहिरीच्या पाण्यातल्या लोहाने संगमरवर पिवळट होतो. क्वार्ट्झही चालतो.

दगडापेक्षा त्याच्या कडेकडे जास्त लक्ष द्या. काउंटर शटरच्या पुढे १५ ते २० मिमी आला पाहिजे, आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला कडेपासून १० मिमी आत एक ५ मिमीची खाच मारून घ्यायची. खाच नसेल तर ओघळणारं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि शटरच्या वरच्या कडेवर टपकतं. खाच असेल तर थेंब तिथेच तुटून खाली पडतो. छपराच्या पाणपट्टीचंच तत्त्व. कटाई करणाऱ्याला पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. मागे भिंतीलगत ७५ ते १०० मिमीची पट्टी घ्या.

बेसिन आणि खालचं सामान घेताना काय बघायचं?

बेसिन आयएस २५५६ च्या व्हिट्रियस चायनाचं हवं. बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणीत आवाज येतो, बद्द आवाज आला तर चीर असू शकते.

वेस्ट कपलिंगमध्ये (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या, पाणी खाली सोडणाऱ्या नळीत) मात्र नेहमी गोंधळ होतो. बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर हाफ थ्रेड कपलिंग लागतं, त्याला बाजूने खिडक्या असतात. भोक नसेल तर फुल थ्रेड. ओव्हरफ्लोच्या बेसिनला फुल थ्रेड बसवलं तर भोकातून आलेलं पाणी साचून कुजतं. उलट केलं तर पाणी खिडक्यांतून बेसिनच्या खाली गळतं, आणि लोक महिनाभर बॉटल ट्रॅपच घट्ट करत बसतात.

नळातून धारच येत नाही. नळ खराब आहे का?

बहुधा नाही. बैठ्या घराच्या स्लॅबवरची टाकी बेसिनच्या नळापासून जेमतेम अडीच मीटर उंच असते. म्हणजे दाब पाव बार. अनेक सिंगल लिव्हर मिक्सरना अर्धा बार किंवा अधिक लागतो, खोक्यावर किमान दाब छापलेला असतो. प्रेशर पंप नसेल तर साधा पितळी पिलर कॉक घ्या. नळाच्या तोंडाची जाळी दर दोन महिन्यांनी काढून साफ करा, लोहाच्या पाण्यात तिच्यावर तांबडा गाळ बसतो. काळ्या मॅट नळांची सध्या हौस आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खारट होणाऱ्या गावांत त्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, रोज पुसायची तयारी असेल तरच घ्या.

आरशाच्या कडा काळ्या का पडतात?

ओल कडेतून चांदीच्या थरात शिरते. कॉपर-फ्री (पाठीच्या थरात तांबं नसलेला) आरसा घ्या, कडा सील करून घ्या आणि न्यूट्रल सिलिकॉननेच चिकटवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पाठीचा थर खातं. खालची कड काउंटरला टेकवू नका, ५ मिमी वर ठेवा. एलईडी आरसा असेल तर निदान आयपी ४४, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा.

आम्ही मुंबईला असतो. गणपतीला आणि मे महिन्यात घर उघडतं. काय काळजी घ्यायची?

बंद कपाटात पावसाळ्यात बुरशी ठरलेली. निघताना शटर उघडी ठेवा, आत टॉवेल किंवा कागद ठेवू नका. शटर करवून घेतानाच खाली-वर जाळीच्या पट्ट्या घेतल्या तर उत्तम. बॉटल ट्रॅपमधलं पाणी महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं, मग गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात. निघताना तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे गोडं तेल. तवंगामुळे पाणी सावकाश उडतं. खोबरेल नको, थंडीत थिजतं. अँगल कॉक बंद करा.

बसवायला कोणता हंगाम बरा?

दिवाळीनंतर ते एप्रिल. नवा गिलावा पूर्ण वाळलेला हवा. शटरमध्ये ३ मिमी फट सोडायला सांगा, उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत अडकतं.

रेडीमेड घ्यावी की सुताराकडून करून घ्यावी?

कारखान्यातली कड-पट्टी मशीनने लागते, ती सुताराच्या हातापेक्षा सफाईदार असते. बोर्ड मात्र तुमच्या हातात नसतो. सुताराकडे बोर्ड तुमचा, पण कडा त्याच्या हातावर. बाहेरच्या कडांना २ मिमी आणि आत ०.८ मिमी पीव्हीसी पट्टी, आणि वॉटरप्रूफ ग्रेडचाच गोंद, एवढं ठरवून घेतलं तर किनाऱ्यावर सुताराचं काम जास्त टिकतं.

दोन्हींत एक जागा हमखास राहते, ती म्हणजे पाईपसाठी मागच्या पाटीला पाडलेली भोकं. आतला कच्चा प्लाय तिथे उघडा पडतो, अँगल कॉकचा एखादा थेंब रोज त्यात मुरतो आणि वर्षभरात भोकाभोवती फुगीर ओठ तयार होतो. पाईप घालण्याआधी भोकाच्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या, वाळू द्या, मग पाईपभोवती सिलिकॉन भरा.

माल घरी आल्यावर सही करण्याआधी काय तपासायचं?

घाट उतरून आलेल्या मालाचे कोपरे आधी बघा. खोकं उघडून बेसिनवर पाणी टाका, केसासारखी चीर ओली झाली की दिसते. व्हॅनिटी उलटी करून तळाला सनमायका आणि चारही कडांना पट्टी आहे का बघा. शोरूमच्या मालाचा तळ पुष्कळदा कच्चाच असतो. तसा निघाला तर चलनावर तेच शब्द लिहून मग सही करा. बिलावर बोर्डाचा ग्रेड, बिजागरीचा ग्रेड आणि वॉरंटीत पाण्याने फुगणं व गंज धरले आहेत का, हे तिन्ही लेखी घ्या. ‘वाळवी-भुंग्याची दहा वर्षं हमी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा फुगण्याबद्दल बहुतेक काहीच लिहिलेलं नसतं.